गोठ्यापर्यंतचं चित्र

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचो. लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घ्यायचं सोडलं, तसा कॅमेरे बसवायला लागलो. दुकानं, बंगले, पोल्ट्री, मंगल कार्यालयं. बहुतेकांना चोराची भीती असते. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यात मी जे काम केलं, तिथं मात्र कुणी आत येईल ही भीती नव्हती. कुणी बाहेर जाईल, ही होती.

म्हातारा स्वतःच दुकानात आला होता. सत्तरीचा, काटक, खांद्यावर घोंगडी. टेबलावरचा कॅमेरा त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो माज्या घराच्या दारावर लावायचा, आन् चित्र वर गोठ्यात दिसलं पायजे. जमंल का, वायरमन?"

"जमेल की. पण गोठ्यात कशाला, बाबा?"

"म्हातारी इसारती. दुपार कलली का शेरडं आणाया निघती. शेरडं इकून आठ वर्सं झाली. मी वर म्हशींपाशी असतो. दार दिसलं, तर ती निघायच्या आत खाली जाईन."

गोठा घराच्या मागं, चढावर होता, कारण झऱ्याचं पाणी तिथंच होतं. मधे करवंदीच्या जाळ्या. गोठ्यातून घराची नुसती कौलं दिसायची. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे वायरशिवाय इलाज नव्हता. मी पावलांनी अंतर मोजलं, ते अडीचशे मीटरच्या पुढं गेलं. कॅमेऱ्याची नेहमीची जाड केबल एवढ्या लांब नेण्यात अर्थ नव्हता. मी इंटरनेटची बारीक वायर घेतली आणि दोन्ही टोकांना बलून लावायचे ठरवले. बलून म्हणजे बोटाएवढी काळी डबी. एका बाजूला कॅमेऱ्याची पिन, दुसऱ्या बाजूला दोन स्क्रू. त्या दोन स्क्रूंत वायरीतल्या एकमेकींना पिळलेल्या दोन तारा बसवल्या की त्यांच्यावरून चित्र जातं. साधे बलून पिशवीत होतेच. तेच लावले.

अंगणातल्या मांडवाच्या लाकडी मेढीवर, घराकडं तोंड करून कॅमेरा बसवला. म्हातारी उंबऱ्यावर बसून बघत होती. मी शिडीवरून उतरलो तेव्हा तिनं विचारलं, "वाटंत शेरडं दिसली का रं?" मी म्हणालो, "नाही, मावशी." ती लगेच उठायला लागली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. त्या नजरेतून मला कळलं की 'दिसली, येताहेत' असं म्हणायला हवं होतं.

गोठ्यात टीव्हीचा पडदा लावला, तर चित्र खालून वर धावत होतं, कापडाचा तागा उलगडावा तसं. चूक माझीच निघाली. निळ्या जोडीतली एक तार आणि केशरी जोडीतली एक, अशा दोन तारा मी एका डबीत बसवल्या होत्या. पिळातल्या जोडीदार ताराच एकत्र लागतात, नाहीतर चित्राचा तोल जातो. ते सुधारल्यावर चित्र थांबलं, पण रंग नव्हता, आणि प्रत्येक वस्तूच्या कडेला तिची एकेक सावली. दाराशी माणूस उभा आहे की वाळत घातलेलं लुगडं, ते सांगता येत नव्हतं. साध्या बलूनला एवढा पल्ला झेपत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. पोचलेलं चित्र वाढवणारा, विजेवर चालणारा बलून लागणार होता. तो पुण्याहून मागवायचा.

"चार दिवस लागतील, बाबा."

"व्हय. चार दिस म्हंजी काय, लई न्हाईत."

तिसऱ्या दिवशी म्हातारी निघाली. ओढ्याच्या दगडांवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. मला हे पाचव्या दिवशी कळलं, नवी डबी घेऊन वर गेलो तेव्हा. आदल्या दिवशी कापूरहोळला पार्सलची वाट बघत मी सकाळभर एका ढाब्यावर मिसळ खात बसलो होतो, तेव्हा तिचा हात मोडलेला होता. म्हातारीच्या हाताला प्लास्टर होतं. प्लास्टर कशासाठी, हेही तिला ठाऊक नव्हतं. ती ते सोलून काढायला बघत होती.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणालो.

"तुमची डबी असती तरी ती पडायचीच. ओढा का तुमी आणला हितं?" म्हातारा म्हणाला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्या डबीनं रंग आला, कडा साफ झाल्या. पण चित्रावर दोन जाड काळे पट्टे सावकाश वर सरकत होते, आणि गोठ्यातलं चारा कापायचं कुट्टीचं यंत्र सुरू केलं की चित्रच जायचं. मी स्क्रू पुन्हा आवळले, अ‍ॅडॅप्टर बदलला, टोकं नव्यानं सोलली. काही फरक नाही. शेवटी मोटारसायकलची बॅटरी काढली आणि घराची वीज तोडून कॅमेरा त्या बॅटरीवर चालवला. पट्टे गेले. म्हणजे घराची आणि गोठ्याची अर्थिंग एकमेकींशी जुळत नव्हती, आणि त्यांच्यातला फरक माझ्या वायरीतून वाहत होता. त्यात ती वायर मी आळसानं विजेच्या खांबांवरूनच नेली होती. दुसऱ्या दिवशी ती सोडवून झाडांवरून ओढली आणि दोन्ही बाजूंची वीज एकमेकींपासून तोडणारा बलून गोठ्याच्या टोकाला लावला.

चित्र असं आलं की दाराची कडी दिसत होती. म्हाताऱ्यानं पडद्याला हात लावला आणि पुसला, धूळ नसतानाही.

चार वाजायला आले होते. तो धार काढायला बसला, मी हत्यारं गोळा करत होतो. पडद्यावर म्हातारी दारात आली. चांगल्या हातात काठी. तिचं तोंड हलत होतं.

"शेरडांना हाक मारतीय," म्हातारा म्हणाला आणि दुधाची चरवी खाली ठेवून पळाला.

मी पडद्यापाशी थांबलो. ती अंगणात आली, थबकली आणि पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर गेली. आता रिकामं अंगण. मी गोठ्याबाहेर धावत येऊन ओरडलो, "उजवीकडं! बाबा, उजवीकडं!"

तो उजवीकडं वळला. त्याच्या उजवीकडं. कॅमेरा अंगणातून घराकडं बघत होता आणि तो घराच्या मागून उतरत होता. पडद्यावरची उजवी त्याची डावी होती. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत तो जाळ्यांत दिसेनासा झाला होता. मी पुन्हा ओरडलो, घसा फाटेस्तोवर ओरडलो. ऐकायला कुणी नव्हतं.

तासाभरानं ती सापडली. पांदीच्या अरुंद वाटेत काटेरी कुंपणाला लुगडं अडकलं होतं, म्हणून थांबली होती, एवढंच. पायांतून रक्त येत होतं. म्हाताऱ्यानं तिला हाताला धरून आणलं आणि ती वाटभर त्याच्यावर रागावत होती, की शेरडं तशीच राहिली.

महिन्याभरानं तो बाजाराच्या गावी रेंजमधे आला आणि त्यानं फोन केला, चित्र मधूनच जातंय म्हणून. मी गेलो. एक स्क्रू सैल झाला होता, पाच मिनिटांचं काम. चित्र आलं आणि मी बघतच राहिलो. दाराला बाहेरून कडी होती. दार हलत होतं. थांबायचं, पुन्हा हलायचं. कडी थरथरायची.

म्हातारा पडद्याकडं पाठ करून धार काढत होता.

"कडी घालता, तर मग चित्र कशाला, बाबा?"

त्यानं दुसऱ्या सडाला हात घातला.

"दार हालतंय ते बगवत न्हाई," तो म्हणाला. "आन् बगितल्याबिगर हात चालत न्हाई."

मी कॅमेरा बसवणारा माणूस. पट्टे का येतात, रंग का जातो, हे मला सांगता येतं. हत्यारं पिशवीत टाकली. चहा न घेताच निघालो.

पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलीनं दोघांना उत्रोलीला आपल्या घरी आणलं. म्हशी विकल्या. मी वर जाऊन कॅमेरा काढला, वायर गुंडाळली. भात कापणीच्या दिवसांत उत्रोलीत एका गिरणीचं काम होतं, तेव्हा त्यांना भेटायला गेलो. दोघं ओट्यावर बसली होती. म्हाताऱ्याला काही काम नव्हतं.

"इथं बरं आहे ना, बाबा? आता दिवसभर तिच्याजवळच असता."

"असतो की." त्यानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. "पर आता ती मला धुंडती. मी शेजारी बसल्याला असतो, आन् मालक अजून आलं न्हाईत म्हून निघती."

तो बोलत असतानाच म्हातारी उठली आणि शेताच्या बांधाकडं चालायला लागली. त्यानं तिला हाक मारली नाही. चपला पायात सरकवल्या आणि चार पावलं मागं राहून तिच्यामागून निघाला.