लेव्हल दोन आणि तांदळाच्या डब्यातली कार्डं

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकतो, आई जेवायला हाका मारतेय तरी. लेव्हल दोनचा जज झालो! आत्ताच सायबर कॅफेत मेल बघून आलो. पण सांगायचंय ते मागच्या वेळचं, नापास झालो होतो ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रेडिंग कार्डं म्हणजे विकत घ्यायचे, एकमेकांत बदलायचे पत्ते. प्रत्येकजण स्वतःचा डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, बनवून आणतो आणि समोरच्याशी खेळतो. स्पर्धेत भांडण झालं की निर्णय द्यायला जज लागतो. लेव्हल एकला नियमांचा पेपर असतो, तो मी मुंबईला जाऊन दिला होता. दोनसाठी अख्खी स्पर्धा चालवून दाखवायची, आणि वरच्या लेव्हलचा जज मागे उभा राहून बघणार. ते सर मुंबईहून सकाळच्या गाडीने रत्नागिरीला आले. मला ती लेव्हल फार हवी होती.

आता आमच्याकडची भानगड. एकच कार्ड साधंही मिळतं आणि चकचकीतही, आणि इथल्या दमट हवेत चकचकीत कार्डं वाकतात. साधी सरळ राहतात, चकचकीत तेवढी होडीसारखी होतात. म्हणून आम्ही सगळे चकचकीत कार्डं तांदळाच्या डब्यात ठेवायचो. आयडिया माझ्या आईची, मिठाला पाणी सुटतं तेव्हा ती त्यात तांदळाचे दाणे टाकते ना, तसं. गंमत म्हणजे डब्यात जास्त दिवस राहिली की ती उलट्या बाजूला वाकायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. वाकली तर वाकली.

सेमीफायनलला माझा सगळ्यात जवळचा मित्र खेळत होता. त्याचे अब्बा कुवेतला, त्यामुळे गावात सगळ्यात भारी कार्डं त्याच्याकडे. जिंकणारा मुंबईच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. मॅच सुरू व्हायच्या आधी नियमाप्रमाणे मी त्या टेबलावरचे दोन्ही डेक तपासायला घेतले.

त्याचा डेक पालथा ठेवला तर मध्ये फटी दिसत होत्या. फटीत बोट घालून डेक कापला, वर आलं चकचकीत कार्ड. परत कापला, परत तेच. म्हणजे त्याला हवं ते कार्ड न बघता काढता आलं असतं. तो असं करणार नाही हे मला माहीत होतं, पण नियम माणूस बघत नाही, डेक बघतो. शिक्षा एक गेम, आणि मॅच तीन गेमची असते.

मी म्हटलं, "तुझा एक गेम गेला."

"काय रे मेल्या? तांदळात ठेवायला तुझ्याच आईने सांगितलं ना?"

सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "सांगितलं. तरी गेला."

"मग त्याचा पण बघ," समोरच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

समोरचा मुलगा आधीच खाली बघत होता. त्याची पण तशीच. त्याचाही एक गेम गेला, एक-एक झालं, राहिला शेवटचा. पण ही कार्डं घेऊन खेळता येईना. मग मी हॉलमध्ये ओरडून विचारलं, हीच कार्डं साधी कुणाकडे आहेत का? पोरांनी पिशव्या उपसल्या. दहा मिनिटांत दोघांचे डेक सरळ झाले. मॅच झाली, मित्र हरला. मला वाटलं, आपण काय मस्त सांभाळलं.

सर मला बाहेर टपरीवर घेऊन गेले.

"निर्णय बरोबर होता. इथे कार्डं वाकतात हे तुला आज कळलं?"

"नाही सर, सगळ्यांचीच वाकतात. कायम."

"मग सकाळी सगळ्यांना बोलावून का नाही सांगितलंस? पहिल्या राउंडआधी बदलली असती त्यांनी."

खरंच डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यासाठी ते हवेसारखंच होतं, त्यात सांगण्यासारखं काय? सर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू."

आत आलो तर मित्र पिशवी भरत होता.

"झालास का दोन?"

"नाय."

"मग माझा गेम कशाला गेला?"

मी खुर्च्या उचलायला लागलो.

या वेळच्या स्पर्धेत मी सुरुवातीलाच सगळ्यांना डेक पालथे ठेवायला लावले आणि वाकलेली कार्डं बदलून घेतली. एकाचाही गेम गेला नाही. मित्र खेळायला आला होता, दुसऱ्या राउंडला हरला, या वेळी स्वतःच्या चुकीने. लेव्हल झाल्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही, जेवून जातो त्याच्याकडे. तो प्रश्न तो परत विचारणार, नक्की. तुमच्या बाबतीत झालंय का कधी असं, की निर्णय बरोबर दिलात, मित्राचं नुकसान झालं आणि तुमच्या हाती पण काही लागलं नाही? काय सांगितलंत त्याला?