दुसरा कप

गेल्या ऑक्टोबरमध्ये इथे अमेरिकेत आमचा गवत कापायचा लॉनमोअर थंडीसाठी तयार करून द्यायला एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ आले होते. काढलेला प्रत्येक स्क्रू ते पँटला पुसून उलट्या टोपीत ठेवत. “पेट्रोल पोटात ठेवून झोपवलंत, तर हा वसंतात उठायचा नाही,” ते मला इंग्रजीत म्हणाले आणि स्वतःच हसले.

गॅरेजमध्ये गारठा होता. मी त्यांना चहा नेऊन दिला, पण कागदी कपात. आम्ही स्वतः मगमधून पितो. पुण्यात कामवाल्या मावशींचा कप आई वेगळा ठेवायची. मला ते खटकायचं, पण मी कधी बोलले नाही.

बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी बंद करण्याआधी त्यांनी तो कागदी कप नीट धुतला आणि माझ्या हातात दिला. “चहा सुरेख होता. आणखी थोडा मिळेल?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी मगमध्येच द्यायचा, असं ठरवून मी कपाट उघडलं. पुढे सहा चांगले मग होते. माझा हात त्या सहांच्या मागे गेला आणि कान तुटलेला मग घेऊन आला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझे आभार मानले.