प्लास्टरमामांचा वाघ

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. तिथली फरशी कितीही पुसली तरी दुपारपर्यंत पिठाच्या गिरणीसारखी पांढरी होई. या खोलीचे मालक म्हणजे प्लास्टरमामा. हाड बसवायचं काम डॉक्टरांचं, पण बसवलेल्या हाडावर कापूस गुंडाळून, ओल्या पट्ट्या फिरवून ते जागच्या जागी धरून ठेवायचं काम मामांचं. गप्पा मारता मारता त्यांच्या हातून प्लास्टर होऊन जाई.

आणि शेवटची पट्टी गुळगुळीत करताना ते प्रत्येकाला एकच गोष्ट बजावत. "हे बघा, ठणका वाढला, बोटं सुजली, गार पडली की घड्याळ बघायचं नाही. तडक इथे यायचं. इथे शूरपणाला बक्षीस नाही." बाहेर झाडू मारणाऱ्या मावशी मागे उभ्या राहून या भाषणाची हुबेहूब नक्कल करीत. एकदा एक आडदांड ट्रकचालक सुजलेला पाय घेऊन चार दिवस घरी बसला आणि मग आला, तेव्हा मामा त्याच्यावर कडाडले होते, "एवढी मिशी ठेवलीत, मग तोंड कशाला ठेवलंय?"

घरी मात्र मामा वेगळेच. मुलगा चौथीत होता. गुडघा फुटो, बोट चेंगरो, मामांचा प्रश्न ठरलेला.

"तू कोण?"

"वाघ."

"वाघ रडतो का?"

"नाही."

तरुणपणी मामांनी रहस्यकथांचा फडशा पाडला होता. झोपताना त्यातलं आठवेल ते तिखटमीठ लावून मुलाला सांगत. त्यातल्या शूरवीराला खांद्यात गोळी लागायची, मग तो दातांत पट्टा धरून ती स्वतःच उपसून काढायचा आणि लगेच घोड्यावर बसायचा. मुलाची आई बाजूला कपड्यांच्या घड्या घालीत असे.

"अहो, तुमच्या या शूरवीराला कुणी दवाखाना दाखवला नव्हता का?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"ते तुम्हाला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?"

मामा हसण्यावारी नेत. पण या वाघपणामागे एक दिवस होता, तो त्यांनी कधी हसण्यावारी नेला नव्हता. तेव्हा मामा मुलाएवढेच होते. सकाळी वडील धडधाकट कामावर गेले आणि संध्याकाळी लोकांनी त्यांना चादरीत आणलं. घरभर आक्रोश. मामा धाकट्या बहिणीचा हात धरून दारापाशी उभे होते. मोठ्या काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, डोळ्यांत टिपूस नाही पोराच्या. हा खरा पुरुष! आता या घराची मला काळजी नाही." पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं, पण तसं कौतुक आयुष्यात पुन्हा कुणी केलं नाही. तेव्हा रडू येत होतं की नव्हतं, हे मात्र मामांना काही केल्या आठवत नसे.

मुलगा शाळेच्या भिंतीवरून पडला आणि त्याचा डावा हात मोडला. डॉक्टर मॅडमनी इंजेक्शन देऊन हाड बसवलं, तरी ओढताना कळ आलीच. मुलाचे ओठ पांढरे पडले.

"ओरड हवं तर, बाळा," मॅडम म्हणाल्या.

मुलाने वडिलांकडे पाहिलं.

"वाघ आहे आमचा, मॅडम," मामा म्हणाले, आणि त्याच नादात प्लास्टर पुरं केलं. आल्यागेल्याला बजावायचे ते भाषण तेवढं करायचं राहून गेलं. घरच्या माणसाला काय सांगायचं, असंही वाटलं असेल.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला. मुलगा शेजारीच पडला होता. "अगं, मोठी माणसं गुरासारखी ओरडतात माझ्यासमोर. याने हूं की चूं केलं नाही!"

"तुझ्यावरच गेलाय, दादा," पलीकडून आवाज आला. मामांची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कामावरून आले तेव्हा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. प्लास्टरचा हात चादरीत. कपातलं दूध तसंच.

"सकाळपासून विचारतेय दुखतंय का, तर नाही म्हणतो," आई म्हणाली. "पण त्याचं हे 'नाही' मला बरं वाटत नाही."

"हाड मोडलंय, थोडंफार होणारच. उगाच बाऊ करू नकोस. मुलगी आहे का तो?"

"मुलगी असती तर कालच बोलली असती," आई म्हणाली आणि तिने चादर ओढली.

बोटं टम्म फुगली होती. नखं निळसर. मामांनी हात लावला, तर गार. त्यांनी एक बोट जरासं सरळ केलं मात्र, मुलाचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. डोळे फिरले. तोंड मात्र बंदच.

दुसऱ्यांची असली बोटं मामांनी कितीदा पाहिली होती.

पोराला उचलून ते तसेच हॉस्पिटलात धावले, मागोमाग आई. मॅडम एका नजरेत समजल्या. "कापा, मामा. कापसासकट. आत्ता."

कापायचं यंत्र त्यांच्या हातात घरघरलं. "ओरड रे," ते मुलाला म्हणाले. "ओरड, राजा. आज चालेल."

मुलगा दातांवर दात आवळून म्हणाला, "ही परीक्षा आहे का, बाबा?"

मामांनी प्लास्टर उकललं, कापूस कापला. बोटांत हळूहळू रंग चढेपर्यंत मॅडम नाडी धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "वाचला हात. आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." आणि मुलाकडे वळून विचारलं, "सांगितलं का नाहीस रे?"

"बाबांनी आत्याला सांगून टाकलं होतं ना, मी ओरडलो नाही म्हणून," मुलगा म्हणाला. "मग कसं सांगणार?"

आईने मामांकडे पाहिलं. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

नंतर बहिणीला सगळं कळवताना मामा सहज बोलून गेले, "मी त्याच्याएवढा असताना नव्हतो का गप्प राहिलो? मला कुठे काय झालं?"

बहीण म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू माझा हात इतका आवळला होतास की माझी बोटं बधिर झाली होती. मी त्यानेच रडत होते रे. बाबांचं मला कुठे काय कळत होतं? सोड म्हटलं तरी तू सोडेनास."

फोन ठेवल्यावर मामा आपल्या पंजाकडे बघत राहिले. म्हणजे काकांनी पाहिलं ते काय होतं? ते कौतुक खोटं म्हणावं, तर आजवर आपण कशावर उभे होतो? आणि खरं म्हणावं, तर ती निळी बोटं डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

घरात नवाच कारभार सुरू झाला. मुलाला आता सगळीकडे दुखू लागलं. अभ्यासाला बसलं की पाठ, भाजी वाढली की पोट.

"बाबा, दुखतंय. सांगायचं असतं ना?"

हा आपल्याला बनवतोय की खरं बोलतोय, मामांना कळेना. 'मुलगी आहेस का' हे ओठांवर येई आणि ते गिळून टाकत. गिळल्यावर तिथे दुसरं काय ठेवायचं, ते मात्र सापडत नसे.

"बघता काय? विचारा त्याला, कुठे दुखतंय," आई म्हणे. मामा विचारत, पण परक्या घरात पाणी मागावं तसं.

सूज उतरल्यावर घातलेलं दुसरं प्लास्टर काढायचा दिवस आला. यंत्र सुरू झालं आणि त्या घरघरीने मुलाने जो भोंगा पसरला, तो थेट एक्स-रेच्या रांगेपर्यंत गेला. लोक डोकावले. मावशी दारातून म्हणाल्या, "काय हो मामा, तुमचा वाघ!"

मामांचे कान तापले. लाज वाटली, अगदी खरीखुरी लाज. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, रड बाबा, थांबू नकोस. दोन्ही एकदमच. त्यांनी यंत्र बंद केलं.

"हे कातडी कापत नाही. नुसतं थरथरतं. बघ." त्यांनी पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. "दुखतंय, की घाबरलास?"

"माहीत नाही," मुलगा हुंदके देत म्हणाला.

मामांनी त्याचा मोकळा हात धरला. मग काहीतरी आठवल्यासारखी पकड सैल केली.

"घट्ट झालं तर सांग हं," ते म्हणाले.