न धुतलेलं पातळ

अंधेरीला तेव्हा दुपारचा वारा फिरला की कारखान्यातल्या बिस्किटांचा वास यायचा. गुंदवलीच्या चाळीत तो पोचला की शेवंतीच्या मांडीवरची कमळ मान वर करून तोंड उघडायची, जणू वाराच तिला भरवतोय. इतक्या वर्षांनी शेवंतीला त्या पोरीचा चेहरा नीट आठवत नाही. ते उघडं तोंड आठवतं.

कमळला जन्मापासून दिसत नव्हतं. शेवंतीच्या नवऱ्याची, गुणाजीची गिरणी संपात गेली, तो एका कंपनीत वॉचमन झाला, आणि शेवंतीने अनाथ मुलांच्या संस्थेची पोरं घरी सांभाळायला घेतली. पोरं यायची, सहा-आठ महिन्यांत कुणाच्या तरी घरी जायची. कमळला कोणी नेईना. लोक यायचे, तिच्या डोळ्यांपुढे बोट हलवायचे आणि चहा न घेताच उठायचे. अशी दोन वर्षं गेली.

मग पंच्याऐंशी साली स्वीडनमधल्या बिर्गिट नावाच्या एका शाळामास्तरणीने तिला मागितलं. संस्थेच्या उत्तराताई सांगायला आल्या तेव्हा शेवंतीने पहिल्यांदा विचारलं, "आंधळी आहे ते सांगितलंत ना?"

"अगं, म्हणूनच मागितलीय. ती अशाच मुलांना शिकवते."

कोर्टाचे नियम नवे होते. कागद इथून तिथे जायचे, तिथून परत यायचे. वर्ष उलटलं. बिर्गिट तिकडे वाट पाहत होती, शेवंती इकडे. एकीला ते वाट पाहणं संपायला हवं होतं. दुसरीला काय हवं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शिमग्याच्या सुमारास संस्थेच्या शिपायाने एक पार्सल आणून दिलं. आत इंग्रजी पत्र, लाकडी खुळखुळा आणि एक चुरगळलेला, अंगावर घातलेला बायकी सदरा. शेवंतीने तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. साता समुद्रांपलीकडून पाठवायचं, ते मळकं! तिने तो नळावर खसाखसा घासला, नीळ दिली, दोन दिवस उन्हात घातला. दिलेल्या वस्तूची आपण अब्रू राखली, असं तिला वाटलं.

चार दिवसांनी उत्तराताईंनी पत्र वाचून दाखवलं. "हा सदरा मी महिनाभर घालून झोपले आहे. कृपा करून धुवू नका. कमळच्या उशाशी ठेवा. मी तिला दिसणार नाही, निदान माझा वास तरी ओळखीचा होऊ दे."

"शेवंते," गुणाजी हसला, "बाईचो वास तू गटारात घालवलंस गो!"

बिर्गिट पंधरा दिवसांत येणार होती. नवा सदरा यायला वेळ नव्हता. आणि कमळ परक्या हातात गेली की श्वास कोंडेपर्यंत रडायची; एकदा तर काळीनिळी पडली होती. "असं झालं तर तिला विमानात बसवणार नाहीत," उत्तराताई म्हणाल्या. "कोर्टाची मुदत टळली तर सगळं पहिल्यापासून. नाहीतर मग आश्रम. कायमचा."

त्या दिवसापासून शेवंतीने अंगावरचं पातळ बदललं नाही. आंघोळ करायची आणि पुन्हा तेच गुंडाळायची. त्यात चुलीचा धूर बसला, फोडणी बसली, कमळची लाळ बसली.

"काय गं, तुमच्याकडे नळाला पाणी येत नाही वाटतं?" शेजारच्या सुगंधाने टोमणा मारला.

"येतं गं. भरपूर येतं."

बिर्गिट आली. उंच, उन्हाने लाल झालेली, दारात वाकून आत शिरली. शेवंतीने खुणेनेच तिला बसवलं. तिच्या पिवळ्या केसांना आपलं खोबरेल चोपडलं, स्वतः दुसरं नेसून ते पातळ तिच्या फ्रॉकवरून गुंडाळलं, झोपलेल्या कमळला तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन बसली. बांगड्या वाजू नयेत म्हणून एका हाताने दुसरं मनगट धरलं.

कमळ जागी झाली. पदरात नाक खुपसलं. मग नेहमीसारखा तिचा हात गळ्याकडे गेला, मंगळसूत्राचे मणी चाचपायला. मणी चाळत ती झोपायची.

तिथे मणी नव्हते. शेवंतीचा हात आपल्या गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. बाकी सगळं देता आलं होतं.

कमळचा ओठ थरथरला. बिर्गिट हलली नाही. श्वास मात्र तिचा मोठा होत होता. कमळची बोटं त्या गळ्यावरून हनुवटीवर, तिथून गालावर गेली. गाल ओला होता. कमळने ओली बोटं तोंडात घातली, चाखली आणि मान पुन्हा पदरात टाकली.

ती फसली नव्हती. हे कोण दुसरंच आहे, एवढं तिला नक्की कळलं होतं.

आठ दिवस बिर्गिट रोज आली. नवव्या दिवशी ती कमळला पातळासकट घेऊन गेली. टॅक्सी वळेपर्यंत शेवंतीने तोंडातून शब्द काढला नाही. आवाज ऐकला असता तर पोर वळली असती.

दोन महिन्यांनी उत्तराताई पत्र घेऊन आल्या. कमळ जेवते, हसते. रात्री पातळ घेऊन झोपते. "ते अजून धुतलेलं नाही," बिर्गिटने लिहिलं होतं. "धुवायचा धीर होत नाही."

शेवंती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"लिहा तिला," ती म्हणाली, "आता धू म्हणावं."