सप्ताहाची पंगत आणि सुनंदा

"स्कोअर पंचवीसपैकी अठरा आहे," डॉक्टर म्हणाले. स्कोअर म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनवरून फुप्फुसं किती खराब झालीत त्याचा अंदाज. माझ्या बायकोचा, सुनंदाचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता. चांगल्या माणसाचा पंचाण्णवच्या वर असतो. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. संभाजीनगरच्या दवाखान्यात ती स्ट्रेचरवर पडून होती.

डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या पंधरा दिवसांत कुठं गर्दीत गेला होतात? लग्न, कार्यक्रम?"

"नाय," मी म्हणालो.

खोटं बोललो. बिडकीनच्या पुढं आमचं गाव. तिथला हरिनाम सप्ताह आठ दिवसांपूर्वीच संपला होता. सात दिवस भजन-कीर्तन, शेवटी काल्याची पंगत. कमिटीत मी पुढं होतो. गुन्हा दाखल होईल, गाव अडचणीत येईल, अशी भीती वाटली.

सुनंदानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अहो, खरं सांगा," ती धापा टाकत म्हणाली. "गाव तपासायचं राहील."

ती गावची आशा कार्यकर्ती होती. कुणाला ताप आहे, कुणाची लस राहिली, हे घरोघरी फिरून बघायची. सप्ताहाआधी तिनं कमिटीपुढं हात जोडले होते. "यंदा दोघातिघांनीच वीणा धरा. देव काय रागवत नाय. पंगत तेवढी नको." बाकीचे तयार होत आले होते. मीच म्हणालो, "आजवर पंगत चुकली नाय. तोंडाला रुमाल बांधू." पंगत ठरली. काल्याच्या दिवशी सुनंदा मंडपाच्या तोंडाशी उभी राहून एकेकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होती. माणसं रुमाल खाली ओढून तिच्याशी बोलत होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्राची माणसं गावात पोचली. घराघरांत आजारी निघाले.

सुनंदाला एनआयव्ही लावलं, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र. आत सोडत नव्हते. मी बाहेर लिंबाखाली बसायचो. कुणाचंही नाव पुकारलं की उठायचो.

पाचव्या दिवशी एका सिस्टरनं स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ लावून दिला. तिचे उपकार मी विसरणार नाही. सुनंदाला बोलवत नव्हतं. थांबत थांबत तिनं विचारलं, "आबांना आणलं का?" आबा आमचे शेजारी, ऐंशीच्या घरातले, सप्ताहाचे जुने विणेकरी.

"आणलं. ऑक्सिजनवर हायेत, बरे हायेत."

तिनं डोळे मिटले. मला माफी मागायची होती. ती मागायची राहून गेली.

नवव्या दिवशी ती गेली. चेहरा लांबूनच दाखवला.

"तिचं आयुष्यच तेवढं होतं," गाव म्हणालं. मीही मान हलवत राहिलो. वर्षभर ते मला सोयीचं होतं. साथ ओसरल्यावर सप्ताह भरला, तेव्हा मी माईक हातात घेतला आणि सांगितलं, "ती पंगत नको म्हणली होती. आग्रह माझा होता."

आबा जागेवरूनच म्हणाले, "आम्ही बी जेवलोच की, बाबा."

तुमच्या घरात आज कुणी असं आजारी असेल तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. सुनंदाच्या एका वाक्यानं आमच्या गावातली कितीतरी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली आणि घरी परतली. ती तेवढी परतली नाही.