दार नसलेला नकाशा

भागीरथाबाईंनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसून वरून खाली पाहिला, उलटा करून पाहिला आणि घडीसुद्धा न घालता मुलाच्या अंगावर टाकला.

"हा नकाशा हाय का लग्नाची पत्रिका?"

निकेशनं तो ऑनलाइन मागवला होता. जर्मनीतल्या लाइपझिग शहराचा. आठ दिवस वाट पाहून पार्सल बोरगाव मेघेच्या घरी आलं, तेव्हा आई खूश होईल असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. कागद गुळगुळीत होता. चर्चची रंगीत चित्रं होती, एका कोपऱ्यात फेसाळलेला बिअरचा ग्लास होता, दुसऱ्या कोपऱ्यात बाजा वाजवणारा जाडा माणूस होता. दुकानांना आकडे दिले होते, हॉटेलांना चांदण्या. दवाखाना मात्र औषधालाही नव्हता.

"खाली साल पाह्य. हाय का कुठं? कोनत्या सालचा हाय हे ज्याले सांगता येत नाई, तो नकाशा मले दाखवू नको."

"आई, फिरायले जाणारे लोक असाच घेतात."

"अन् मी फिरायले जाऊन राह्यली का?"

त्या फिरायला जात नव्हत्या. त्यांची लेक आकांक्षा तिथं होती आणि तिला आठवा महिना सरत आला होता. पहिलटकरीण. जावई आदेश शहराबाहेरच्या कारखान्यात नोकरीला, आगगाडीनं तासाभराच्या अंतरावर. सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण म्हणून हाक मारावी अशी कोणी नाही. भागीरथाबाई बाळंतपणाला चालल्या होत्या आणि महिनाभर त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. आदेश कामावर असताना कळा सुरू झाल्या तर? घरात बाया दोन. एक कळा देणारी आणि दुसरीला तिथलं एक अक्षर येत नाही.

हा प्रश्न त्या ज्याला त्याला विचारत होत्या आणि जो तो हसत होता. फोन आहे ना! हे उत्तर ऐकून ऐकून त्यांच्या कानाला भोकं पडली होती.

कुंदननं तर कहर केला. बजाज चौकात त्याचं प्रवासाच्या तिकिटांचं दुकान. विमानाचं तिकीट त्यानंच काढून दिलं होतं, म्हणून भागीरथाबाई त्याच्याकडे चांगला नकाशा मिळतो का विचारायला गेल्या.

"काकू, तुम्हाले विमानतळावर जवाई घ्यायले येईन. तुम्ही घरी राहान, सैपाक करान, नातू खेळवान. नकाशा कायले पाहिजे?" असं म्हणून त्यानं ड्रॉवरमधून दोरीचं एक कार्ड काढलं. "हे गळ्यात घालजा. यावर पत्ता लिहिला का झालं. हरवल्या तं कोनीबी घरी आनून देईन."

गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, तसला तो प्रकार. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या गळ्यात!

"तुह्या मायच्या गळ्यात घाल आधी," भागीरथाबाई म्हणाल्या आणि दुकानाची पायरी उतरल्या. त्या संतापात घरापर्यंत चालतच आल्या, ऑटो केला नाही. बाई साठीची झाली आणि परदेशी निघाली, की घरचे आणि बाहेरचे मिळून तिची बॅग करून टाकतात. इथं उचलायची, तिथं ठेवायची. बॅगेला कशाला हवा रस्ता!

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदावरून बाई किती तापते. राग दुसऱ्याच कशाचा असेल. तर तसं नव्हतं. राग नकाशाचाच होता आणि तो एकोणीस वर्षांचा होता.

भागीरथाबाई आंजी (मोठी)च्या पुढं, सालईटेकडी नावाच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. तिथल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं गावाचा आणि आसपासच्या वस्त्यांचा नकाशा रंगवला होता. विहिरी, हातपंप, पार, शाळा आणि घर न् घर. पोलिओच्या डोसाला तो लागायचा, गरोदर बायांच्या यादीला लागायचा. सगळ्याच उपकेंद्रांत असे नकाशे असतात, त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की भागीरथाबाई प्रत्येक घराला दार काढायच्या. चौकोन काढून एका बाजूला छोटीशी फट ठेवायच्या. वरचे साहेब तपासणीला आले की हसायचे, "सिस्टर, खिडक्याही काढा." बाई हसायच्या नाहीत. माणूस भिंतीतून आत जात नाही आणि अडलेली बाई भिंतीतून बाहेर येत नाही, एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याच्याबरोबर काय हसायचं?

टेकडीपलीकडे बावीस घरांची गोंडांची वस्ती होती. तिथली रुपा, वीस-एकवीस वर्षांची, जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणारी काटक पोर. एके सकाळी दहाच्या सुमारास ती अडली. रक्त जाऊ लागलं. भागीरथाबाई तिच्याजवळच होत्या. त्यांनी गाडी बोलावली आणि गाडी आलीही लवकर. ड्रायव्हर नवा होता, दुसऱ्या भागातला. त्याच्या हातात वरून आलेला छापील नकाशा होता आणि त्या नकाशात वस्तीपर्यंतचा बैलगाडीचा रस्ता पट्टीनं ओढावा तसा सरळ होता. चार वर्षांपूर्वी तो रस्ता कापून कॅनाल खोदला गेला होता, हे नकाशाला माहीत नव्हतं.

जीप कॅनालच्या पलीकडे येऊन थांबली. कॅनाल काठोकाठ वाहत होता. पुलावरून फिरून यायचं तर अकरा किलोमीटर. रुपाची बाज दारात आणून ठेवली होती. तिला जीप दिसत होती, ड्रायव्हरचा शर्ट दिसत होता, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ.

"बाई, गाडी तं आली न?" रुपानं विचारलं.

जीप फिरून आली तेव्हा फार उशीर झाला होता. रुपा दवाखान्याच्या रस्त्यातच गेली, पोटातलं बाळही गेलं. पुढं चौकशी झाली. कागदावर लिहिलं गेलं, रुग्णास आणण्यास विलंब. विलंब! म्हणजे जणू रुपानंच वेणी घालायला वेळ लावला. नकाशा चुकीचा होता, असं एकाही शहाण्यानं लिहिलं नाही. भागीरथाबाईंनी त्याच आठवड्यात भिंतीवर निळ्या रंगानं कॅनाल काढला, पूल काढला आणि खाली मोठ्या अक्षरांत साल टाकलं. दर जानेवारीत वस्त्यांवर फिरून त्या नकाशा तपासत आणि साल बदलत. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या त्या दिवशीसुद्धा नव्या नर्सला, पौर्णिमाला, त्यांनी आधी भिंत दाखवली आणि मग कपाटाच्या किल्ल्या दिल्या.

तर अशी ही बाई. तिला बिअरच्या ग्लासाचा नकाशा दाखवून कोणी कसा सुटेल?

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आकांक्षाचीही हजेरी घेतली गेली.

"आई, फोनमध्ये सगळं दिसते. घरून हॉस्पिटल, टॅक्सीनं चौदा मिनिटं. काऊन डोकं खाऊन राह्यली?"

"चौदा मिनिटात कोनत्या दारापर्यंत नेते तुहा फोन?"

"म्हणजे?"

"हॉस्पिटलले दार असन ना? का एकच हाय एवढ्या मोठ्या हॉस्पिटलले? बाळंतपनाचं दार कोनत्या अंगाले हाय?"

आकांक्षानं दुसरं दार कधी पाहिलंच नव्हतं. ती तपासणीला मोठ्या फाटकातून जायची, तिथूनच परत यायची. बाजूला बसलेला आदेश म्हणाला, "थांबा आई, मी उद्या पाहून येतो." जावई गुणाचा. नुसतं म्हणाला नाही, कामावरून सुटल्यावर खरंच गेला आणि हॉस्पिटलला पायी चक्कर मारून आला.

"आई, बरं झालं तुम्ही विचारलं. मोठ्या फाटकातून बाळंतपणाच्या विभागात आतून जाताच येत नाई. मधात बांधकाम सुरू हाय. पुरा वळसा घालून मागच्या गल्लीतून जावं लागते. फोन मात्र फाटकापाशीच नेऊन सोडते."

भागीरथाबाईंनी निकेशकडे असं पाहिलं, की त्यानं उठून विनाकारण पंखा कमी केला.

मग चांगला नकाशा सापडला. आदेशनं तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीतून आणला. त्यावर चित्रं नव्हती, चांदण्या नव्हत्या. प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा होती, गल्लीच्या तोंडाशी घरांचे नंबर होते, प्रमाण होतं, उत्तर दिशा होती आणि खाली साल होतं, याच वर्षाचं. आदेशनं बाळंतपणाचं दार लाल शाईनं दाखवून फोटो पाठवले. निकेशनं झेरॉक्सच्या दुकानातून ते मोठे करून सहा कागदांवर काढून आणले आणि भागीरथाबाईंनी कणकेच्या खळीनं ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिकटवले. रस्त्यांची नावं वाचता येत नव्हती. त्यांनी ती रांगोळीसारखी पाठ केली. या पाटीत शेवटी दोन सारखी अक्षरं, त्या पाटीत मधे टोपी घातलेलं अक्षर. रोज सकाळी चहा होईपर्यंत त्या डोळे मिटून घरापासून दारापर्यंत जाऊन यायच्या.

"आई, परीक्षा हाय का?" निकेश एकदा हसला.

"हो. पन नापास झाली तं मी नाई मरत," त्या म्हणाल्या. त्यानंतर तो हसला नाही.

लाइपझिगला पोचून अकरावा दिवस होता. मंगळवार, दुपारची जेवणं आटोपली होती आणि आकांक्षानं ओट्याची कड घट्ट धरली. भागीरथाबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांना कळलं, की यात आदेशची वाट पाहण्याइतका वेळ नाही. टॅक्सी आली. ड्रायव्हर भला माणूस होता, फोन समोर लावून गाडी नीट चालवत होता. चौदा मिनिटांत त्यानं मोठ्या फाटकासमोर गाडी उभी केली आणि खाली उतरून बॅग काढायला लागला.

भागीरथाबाई उतरल्या नाहीत. त्यांनी त्याला हातानं परत बोलावलं, तो बसल्यावर कॅलेंडर त्याच्या मांडीवर पसरलं आणि लाल खुणेवर बोट ठेवलं.

"हे दार. ते नाई, हे."

त्यानं आपला फोन दाखवला. भागीरथाबाईंनी पुन्हा बोट आपटलं, कागद फाटतो की काय असं.

"तुहा फोन बाळंत झाला हाय का कधी? चाल, घुमव गाडी!"

त्याला मराठी कळलं नाही, पण बोट कळलं आणि बहुधा आवाजही कळला. गाडी वळली. टोपीच्या अक्षराची पाटी आली, दोन सारख्या अक्षरांची आली, मागची गल्ली आली. दारात चाकाची खुर्ची तयार होती. पाऊण तासात आकांक्षाला मुलगी झाली. बाळ आणि बाळंतीण दोघीही धडधाकट.

हे इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पाच-सहा दिवसांनी आदेशनं विचारलं, "आई, दार विचारायचं तुम्हाले सुचलं कसं?" भागीरथाबाईंना सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं वाटलं. त्यांनी निकेशला फोन केला, सालईटेकडीला जाऊन माझ्या भिंतीचा फोटो पाठव म्हणाल्या. निकेश दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल काढून गेला आणि तिथून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"आई, भिंत हाय. नकाशा नाई."

भिंतीला गुलाबी रंग दिला होता. तिच्यावर मोठा चकचकीत फ्लेक्स लटकत होता, योजनांच्या घोषणा आणि मधोमध छापील नकाशा. पौर्णिमा मागं उभी राहून ओशाळ्या आवाजात सांगत होती, "रंग दिला तवा पुसल्या गेला, सिस्टर. फ्लेक्स वरून आला. मी सांगतलं होतं त्यायले, पन आयकते कोन?"

"जवळ ने फोन," भागीरथाबाई म्हणाल्या. "अजून जवळ. टेकडीच्या मांगं."

बैलगाडीचा रस्ता वस्तीपर्यंत पट्टीनं ओढावा तसा सरळ होता. कॅनाल नव्हता. साल नव्हतं. घरं म्हणजे बावीस बंद चौकोन. तोच नकाशा, तोच, फक्त आता गुळगुळीत झालेला. एका बाईचा जीव घेऊन तो नकाशा पुन्हा सन्मानानं भिंतीवर चढला होता! भागीरथाबाई इतक्या जोरात ओरडल्या, की मांडीवरची नात दचकून रडायला लागली. आकांक्षानं तिला उचलून घेतलं.

"फोटो काढू का?" निकेशनं विचारलं.

"फोटो कायले? नटवाचा हाय का त्याले? पौर्णिमा, पोलिओच्या डोसाचा मार्कर हाय ना गं तुह्याजवळ?"

पोरांच्या करंगळीला खूण करायचा तो मार्कर पौर्णिमानं ड्रॉवरमधून काढून निकेशच्या हातात दिला.

"फ्लेक्स सरकारी हाय, आई. कोनी बोलन."

"बोलू दे. माह्यं नाव सांगजो. शाळेच्या मांगून सुरू कर. हां, सरळ. आता वाकव. अजून. रस्ता काप. काप म्हनते ना!"

निकेश कॅनाल ओढत गेला. रेघ रस्त्याला आडवी गेली. मग त्यानं पूल काढला, बाजूला अकरा किलोमीटर लिहिलं, खाली साल टाकलं.

"आता वस्तीतलं शेवटचं घर," भागीरथाबाई म्हणाल्या. "ते रुपाचं. त्याले दार काढ."

निकेशनं मार्कर त्या चौकोनावर टेकवला आणि थांबला.

"कोनत्या अंगाले, आई?"

भागीरथाबाईंनी आकांक्षाकडून रडणारी नात पुन्हा मांडीवर घेतली.

"कॅनालकडे," त्या म्हणाल्या.