लिफ्टपाशी औटकी

रविवारी सकाळी मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या निवृत्त अभियंत्यांनी आपलं वर्तमानपत्र सातवीतल्या मुलीला फाडू दिलं. एरवी स्वतःचं वाचून होईपर्यंत ते त्याला कुणाला हात लावू देत नाहीत.

लिफ्टपाशी मुलांना गाठून औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, विचारायचा हा त्यांचा नेम. “सात औटे?” मूल अडलं की स्वतःच सांगतात, “साडेचोवीस! हल्ली शाळेत स्वल्प तरी शिकवतात का?”

त्या दिवशी मुलीने उलट विचारलं, “आजोबा, अर्ध्याने भागताना दोनाने का गुणतात?”

“नियम आहे. मास्तर सांगायचे, आम्ही करायचो.”

“पण का? नाही सांगता आलं, तर मला पुन्हा औटकी विचारायची नाही.”

“सरी, कबूल,” ते म्हणाले.

तिने वर्तमानपत्राची तीन पानं मागून घेतली, प्रत्येक मधोमध फाडलं. “तीन पानांत अर्धी किती?”

“सहा.”

“मग तीन भागिले अर्धा?”

त्यांनी तुकडे पुन्हा मोजले आणि ते मोठ्याने हसले.

सोमवारी त्यांनी पुण्याहून आलेल्या एका संगणक अभियंत्याला लिफ्टपाशी गाठून तोच प्रश्न विचारला. “नियमच आहे तसा,” तो म्हणाला. त्यांनी काखेतलं ताजं वर्तमानपत्र उघडलं आणि पहिलं पान मधोमध फाडलं.